कामरगावच्या स्टँडवरचा साबण

कामरगावच्या स्टँडवर एक रागीट म्हातारा घरी केलेला दाढीचा साबण विकतो. वापरून बघितल्याशिवाय तो कोणाला वडी देत नाही. मी ती कोरड्याच गालावर घासली, तर त्यानं हातातून हिसकावली.

"पयले गाल भिजव. काहून इतकी घाई करून राह्यला?"

वाटीत ब्रश फिरवून त्यानं सायीसारखा फेस काढला आणि रेझर माझ्या हातात दिला. दाढी अलगद उतरली.

मी म्हटलं, "बाबा, एवढी मेहनत कायले? समोर सलून हाये."

तो वाटी पुसत म्हणाला, "आमच्या गावात न्हावी माया बापाले हात लावे नाई. पाटलाची ताकीद होती. मंग बापानं एरंडीच्या तेलाचा हा साबन घरीच केला, अन् आपली दाढी आपल्या हातानं केली."

मी गाव विचारलं. त्यानं माझ्याच गावाचं नाव घेतलं. ते पाटील म्हणजे माझे आजोबा. ती ताकीद आमच्या घरात अजून कौतुकानं सांगतात.

"तुयं गाव कोन्तं?"

"धनज," मी खोटं बोललो.

साबण चांगला आहे. रोज सकाळी लावतो, आणि आरशातल्या पाटलाच्या नातवाच्या थोबाडीत मारावीशी वाटते.