हसण्याआधी बसणारी आत्या

माझी माधवनगरची आत्या हसण्याआधी बसायची. कुणी गमतीची गोष्ट सुरू केली की हात वर करून म्हणायची, "थांब रं, आदी बुड टेकू दे, मग सांग." उभ्याने हसली की तिला धाप लागे. मग भिंतीला टेकून, डोळे मिटून ती आतल्या आत हसायची. नुसते खांदे हलायचे.

सत्तरच्या दशकात मी सांगलीला कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, म्हणून वडिलांनी मला उंब्रजहून आणून त्यांच्या या धाकट्या बहिणीकडे ठेवलं. लवकर विधवा झालेली आत्या एका सूतगिरणीत बॉबिन भरायच्या खात्यात होती. दुपारी पाळी सुटली की केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन यायची. दारातल्या उन्हात पदर झटकायची. ते तंतू इतके सावकाश खाली यायचे की पुस्तक हातात धरून मी नुसता बघत राहायचो. आता तिची आठवण येते तीही तशीच, तरंगत.

आपल्या धापेला ती पाहुण्यांसारखी नावं द्यायची. चुलीच्या धुराने यायची ती धुरपाबाई. थंडीच्या सकाळी यायची ती गारूबाई. "आज गारूबाई आल्यात, च्या ठेव," असं म्हणायची. एका पाहुणीला मात्र नाव नव्हतं. सुट्टीनंतर कामावर गेलं की ती पहिल्याच दिवशी यायची, छातीवर जातं ठेवल्यासारखी, आणि आठवडा सरता सरता हलकी व्हायची.

शेवटी मी तिला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुष्कळ विचारलं, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई, धाप एकच दिसली तरी दुखणी दोन आहेत. एक दमा तुमचा लहानपणापासूनचा. त्याला धूर, धूळ, गार हवा, जोराचं हसणं, कसलंही निमित्त पुरतं. त्याला गोळ्या देतो. दुसरं दुखणं गिरणीतल्या कापसाच्या धुळीचं. सुट्टीत छाती मोकळी होते, परत गेलात की आवळते. त्यावर गिरणी सोडणं हाच उपाय."

बाहेर येऊन आत्या रस्त्याकडेला बसली. हसू मात्र आलं नव्हतं. "गिरणी सोडून जाऊ कुटं? दादाच्या दारात जलमभर पावनी म्हनून बसू व्हय?" तिला श्वास हवा होता, पण मिंधेपणाचा नको होता.

त्या हिवाळ्यात तिला गिरणीचा जिना चढवेना, तेव्हा काम सोडावंच लागलं. वडील येऊन तिला उंब्रजला घेऊन गेले. मीही सोबत होतो. बहिणीच्या मानाखातर त्यांनी पिंजारी बोलावून घराच्या पुढच्या सोप्यातच कापूस पिंजून नवी गादी भरून ठेवली होती. आत्या कौतुकाने तिच्यावर बसली आणि थोड्याच वेळात धापू लागली. आम्ही तिला अंगणात आणलं. गोळी घेऊन बऱ्याच वेळाने श्वास खाली बसला, तशी ती म्हणाली, "दादा, मी गिरनी सोडली, तर तू ती माज्या हातरुनात आनून ठिवलीस व्हय रं?"

आईला हसू आवरेना. आत्या बसलेलीच होती, म्हणून तीही हसली.

आईने तिला धुतलेली वाकळ अंथरली. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली, कापूस नसलेली. त्या वाकळेवर आत्या शांत झोपली. पुढे तिने हाती सुई घेतली ती वाकळी शिवायलाच. गावातल्या बायका लुगडी घेऊन आल्या की दारातच बजावायची, "धुऊन, उनात वाळवून आना. तवाच टाका घालीन." गुऱ्हाळ पेटलं की धूर कुठे कलतो ते बघून चटई घराच्या दुसऱ्या अंगाला न्यायची. बायकाही मागोमाग जायच्या. पुढे लोक आमच्या घराला 'वाकळवाल्या आक्कांचं घर' म्हणू लागले. पाहुणी हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा आला नाही.

मी बी. ए. झालो तेव्हा तिने मला एक वाकळ दिली. मधोमध तिचं गिरणीत जायचं निळं लुगडं होतं. "पदवीवाल्याला टोचंल बग," म्हणाली.

आता ती नाही. वाकळ विरली आहे, तरी हिवाळ्यात पांघरतो. आणि अजूनही कुणाला गमतीची गोष्ट सांगायची झाली की मी आधी थांबतो. समोरचं माणूस खाली बसेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.