मेलेल्या सेलवर तीन दिवसांचे उपचार

मोबाईलवर व्हिडिओ बघून माणूस काय काय शिकतो! मी मेलेले सेल जिवंत करायला शिकलो. दाढीच्या मशीनचा आणि मेहुण्याच्या फवारणी पंपाचा पुरता निकाल लावून झाला होता, तरी माझा उत्साह ओसरला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात लोणीतल्या आमच्या रानात कांदा निघाल्यावर खतासाठी मेंढ्या बसवल्या. मेंढ्यांबरोबर मेंढपाळ नवरा-बायको आणि त्यांची दीड वर्षाची पोर. मेंढ्यांना जाळीचा वाडा, यांचं अंथरूण शेजारी उघड्यावर. आमच्याकडं बिबट्या, ज्याला सगळे वाघच म्हणतात, रोजचाच पाव्हणा, त्यामुळं उशाला उजेडासाठी चार्जिंगची बॅटरी हवीच. नेमकी त्यांची बॅटरी बंद पडली.

ती बाई बॅटरी घेऊन दारात आली. "भाऊ, चार्जिंगला लावली की लगीच हिरवी लाईट लागती, पन बॅटरी काय पेटत न्हाई. मंचरला जाऊन नवा सेल आनावा म्हनते."

"नवा कशाला, ताई? मी हाय ना!" मी छाती फुगवून म्हणालो. मीटर लावला. सेल पार तळाला गेलेला. असा सेल चार्जर ओळखतच नाही, हे मी तिला इतकं समजावून सांगितलं की बिचारी उभ्या उभ्या पेंगायची बाकी राहिली.

उपचार तीन दिवस चालले. माझ्या स्वतःच्या बॅटरीतला धडधाकट सेल काढला आणि वायरीनं त्याचं अधिक याच्या अधिकाला, उणं उण्याला जोडून आजाऱ्यात थोडा जीव भरला. मग चार्जरवर. सेल तापला की काढायचो, फरशीवर ठेवायचो, दर दोन मिनिटांनी हात लावून बघायचो. बायको म्हणाली, "मला ताप आला तवा एवढ्या वेळा हात न्हाई लावला." तिसऱ्या दिवशी भर दुपारी बॅटरी पेटली. आहाहा! पाच मिनिटं पेटवून पाहिली आणि मोठ्या रुबाबात रानात नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत दारात. डोळे लाल झालेले.

"भाऊ, धा मिन्टांत इझली. कुत्री वरडाया लागली, वाघ पार बांधावर आल्ता. पोरीला दोगांच्या मदी घेतलं आन् उजाडस्तवर ताट वाजवत बसलो."

आणि मी शहाण्यानं काय विचारावं? "सेल लई तापला व्हता का?"

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गुपचूप आत गेलो. माझ्या बॅटरीतला सेल काढून आणला आणि त्या बाईच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटसुलट करून बघितला.

"ह्यो बी तुमीच बरा केलेला न्हाई ना, भाऊ?"

"न्हाई, न्हाई. ह्यो पहिल्यापासून चांगलाच हाय."

"मंग पहिल्याच दिवशी का न्हाई दिला?" बायको म्हणाली.

मला भयंकर लाज वाटली. मला मेलेला सेल जिवंत करून दाखवायचा होता. त्या नादात एक दीड वर्षाची पोर अंधारात निजतेय, हे तीन दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.