आईच्या नावावर खपवलेला कुकर

मी डूख धरणारी बाई आहे. आमच्या घराण्यात हा गुण माझ्या एकटीतच उतरला. आईला कोणी टाकून बोललं तर ती दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला चहाला बोलवायची. म्हणून तिच्या वाटचा रागही मीच धरला, आणि दीड वर्षं नीट सांभाळला.

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये तेव्हा आम्हा मराठी माणसांची अठरा घरं होती. बहुतेक नवरे ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांत इंजिनियर, दोन-तीन डॉक्टर. भारतात फोन करायचा तर घड्याळाकडे बघत बोलावं लागे, शेजारचे अमेरिकन लांबून हात हलवत तेवढंच. त्यामुळे अठरा घरं हेच आमचं गाव आणि हीच भावकी. त्या गावची पाटीलकी डॉक्टरीणबाईंकडे होती. गणपती कोणाकडे बसणार, पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, पुऱ्या कोण आणणार आणि कोणाला मुळात बोलवायचंच नाही, हे त्या ठरवत. त्यांचे यजमान हृदयाचे डॉक्टर, भला माणूस, फारसं बोलत नसत. घरात तशी सोयही नव्हती. मी त्यांना तोंडावर 'वहिनी' म्हणत असे. मनात काय म्हणत असे ते लिहिण्यासारखं नाही.

आल्प्सची सहल त्यांनीच काढली. दहा दिवस, बस, हॉटेलं, नाश्ता, सगळं आधीच ठरलेलं. सोबतीला टूर कंपनीची एक इंग्रज बाई, पन्नाशीची, हातात सदैव पिवळी छत्री. आम्ही मराठी सोळा जण आणि बसमध्ये बाकी सगळी अमेरिकन जोडपी.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. कराडच्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. अमेरिकेचं तिला विशेष कौतुक नव्हतं. "एवढ्या लांब येऊन घामच गाळायचा तर कराड काय वाईट होतं?" असं ती शुगर लँडच्या अंगणात उभी राहून म्हणाली. तिला एकच गोष्ट हवी होती, बर्फ. "डोंगरावर पडलेला, पायाखाली चुरचुरणारा. फ्रीजमधला नको," असं ती मी परदेशी आल्यापासून पत्रांत लिहीत होती आणि मी टेक्सासमध्ये राहत होते. तिच्यासाठीच आम्ही सहलीत नाव घातलं. सातव्या दिवशी दातेरी रुळांच्या आगगाडीने शिखरावर जायचं होतं. तिथे भर जुलैतही बर्फ असतो, असं माहितीपत्रकात छापलं होतं. आईने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि लोकरीचे नवे मोजे बॅगेत सगळ्यांत वर ठेवले.

इंग्रज बाईने पहिल्याच दिवशी बसच्या माइकवरून बजावलं होतं, की हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करायचा नाही. आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. त्या वेळी आमच्या प्रत्येकाच्या बॅगेत मेतकूट, लसणाची चटणी आणि तिखटाची पुडी होती. डॉक्टरीणबाईंनी तर विजेचा राइस कुकरच आणला होता, ह्यूस्टनच्या मॉलमधून घेतलेला.

सहाव्या दिवसापर्यंत उकडलेले बटाटे आणि चीज खाऊन सगळे रडकुंडीला आले होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला डॉक्टरीणबाई पदराखाली कुकर घेऊन आमच्या खोलीत आल्या. मागून दोन बायका, एकीकडे तांदूळ-मुगाची डाळ, दुसरीकडे हिंगाची डबी. त्यांच्या स्वतःच्या खोलीला लागून इंग्रज बाईची खोली होती, वास गेला असता. आमची खोली मजल्याच्या टोकाला, म्हणून हा मान आम्हाला.

आई पलंगावर बसून मोज्यांची गुंडाळी सोडत होती. तिने कुकरकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, हा अमेरिकेतला, एकशेदहाचा ना? इथली वीज आपल्या भारतासारखी असेल, दोनशेवीसची. माझ्या भाच्याने तिकडून मिक्सर आणला होता, पहिल्याच दिवशी जळाला. ट्रान्सफॉर्मर लागतो."

"आजी, अ‍ॅडॅप्टर आहे हो माझ्याकडे. खास युरोपसाठी घेतलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आपल्या रिलॅक्स करा."

अ‍ॅडॅप्टरने फक्त पिना बदलतात, वीज बदलत नाही, हे कराडच्या गणिताच्या बाईंना कळत होतं. आमच्या सहलीत पाच इंजिनियर होते. ते पाचही त्या वेळी खाली बागेत बिअर पीत बसले होते, माझा नवरा त्यांच्यातच.

दोन मिनिटं कुकर भलताच जोमात सुटला. मग फट् असा आवाज झाला, जळक्या रबराचा वास सुटला आणि आमचा मजला आणि हॉटेलचं स्वयंपाकघर, दोन्हीकडची वीज गेली. खाली चाळीस माणसांचं जेवण ओव्हनमध्ये अर्धं कच्चं राहिलं.

हॉटेलचा मालक हिंगाच्या वासावरून थेट आमच्या खोलीपर्यंत आला. मागोमाग छत्रीसह इंग्रज बाई, बागेतले पाच इंजिनियर, आणि काय झालं ते बघायला निम्मी बस. दारात उभं राहून इंग्रज बाईने विचारलं, हे कोणाचं?

मग डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांच्या त्या गोड, घासूनपुसून केलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, की या म्हाताऱ्या बाईंचं आहे. खेड्यातून आल्यात बिचाऱ्या, त्यांना यातलं काही कळत नाही. आम्ही नको म्हणत होतो.

करून सवरून नामानिराळी! आणि आईला इंग्रजी कळत नाही असंही त्यांनी धरून चाललं होतं. आईला शब्द न् शब्द कळला. तिचा चेहरा मी बघितला नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. नवरा बुटांकडे बघत होता. दोघी साक्षीदारणी खिडकीतून डोंगर बघत होत्या. मला काय दिसलं ते सांगते. मला शुगर लँडची अठरा घरं दिसली, आणि त्यांतल्या सतरा घरांची दारं बंद झालेली दिसली.

मी म्हटलं, "सॉरी."

एवढंच म्हटलं. इंग्रज बाईने मान हलवली आणि निकाल लागला. सकाळी वायरमन येईल, खोली तपासेल, नुकसानीचा कागद होईल. तोपर्यंत ज्यांचा कुकर त्यांनी हॉटेलात थांबायचं. म्हणजे शिखर नाही.

सकाळी मीही थांबते म्हणाले. आई म्हणाली, "काही नको. तिकिटं फुकट जातील. जा तू." मोजे तिने माझ्या हातात ठेवले. मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. गाडी सुटायची वेळ झाली होती.

शिखरावर बर्फ होता. माहितीपत्रकात छापल्यापेक्षाही जास्त. मी थर्मास भरून खाली आणला, तोवर त्याचं पाणी झालं होतं. आईने ते पाणी हातावर घेतलं, "गार आहे गं" म्हणाली आणि त्यात चष्मा धुतला. उरलेले तीन दिवस आम्ही तळी आणि चर्च बघितली. बर्फ लांबून दिसत होता.

परतीच्या बसमध्येच डॉक्टरीणबाईंनी त्याची गोष्ट केली. शुगर लँडला पोचेपर्यंत ती चांगली शिजली. मजल्याची वीज गेली होती, तिचं हॉटेल झालं, हॉटेलचं गाव झालं, आणि दिवाळीपर्यंत आजींनी अख्खं स्वित्झर्लंड अंधारात बुडवलं होतं. प्रत्येक पॉटलकला कोणीतरी म्हणे, "वहिनी, ती आजींच्या खिचडीची सांगा ना!" आणि त्या नको नको म्हणत सांगत. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात जात असे.

आई सप्टेंबरात परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिला पुन्हा बोलवायचं, कोलोराडोला न्यायचं आणि बर्फात उभं करायचं, असं मी ठरवलं होतं. मुंबईच्या वकिलातीने तिला व्हिसा नाकारला. पत्रात तिने ते एका ओळीत लिहिलं. आणि खाली लिहिलं, की तुमच्याकडचं कोणीतरी पुण्यात आलं होतं, त्यांच्याकडून आमच्या शाळेतल्या बाईंपर्यंत कुकरची गोष्ट पोचली. "इतकी वर्षं मुलींना गणित शिकवलंत, आणि तिकडे जाऊन काय हे, असं हसत होत्या. मी काही बोलले नाही."

ते पत्र वाचलं आणि मी सूड घ्यायचा ठरवला. आधी किरकोळ घेतले. डॉक्टरीणबाईंनी चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारलं, मी मोहन दुप्पट सांगितलं. त्यांच्या चकल्या तेलात विरघळल्या. मला फार बरं वाटलं, पण ते चार दिवसांत ओसरलं. अशा सुडाने पोट भरत नाही.

खरी संधी माझ्या नवऱ्याच्या कॅमेऱ्याने दिली. त्या काळी कोणी सहलीला जाऊन आलं की स्लाइड शो करायची पद्धत होती. गावाने जेवायला जमायचं आणि पडद्यावर दुसऱ्याचे डोंगर बघायचे. आल्प्सचा शो एकदा झाला होता, पण डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई पुण्याहून आल्या, त्यांना दाखवायला पुन्हा करायचा ठरला. सगळ्यांत चांगल्या स्लाइड्स आमच्या होत्या. त्या लावून ठेवताना बाजूला टाकलेल्या डब्यात मला एक सापडली. सहलीच्या पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत डॉक्टरीणबाई आपल्या उघड्या बॅगेपाशी बसल्या आहेत, मांडीवर तो कुकर, आणि एखादं बक्षीस मिळाल्यासारखा वर धरून हसताहेत.

मी ती स्लाइड अलगद शिखराच्या स्लाइड्सच्या आधी बसवली. इतका आनंद मला मुलाच्या बारशाला झाला नव्हता.

रविवारी दुपारी त्यांच्या फॅमिली रूमचे पडदे ओढले. तीसेक माणसं गालिच्यावर, सासूबाई मधल्या कोचावर. प्रोजेक्टरचं बटण माझ्या हातात होतं. तळी झाली, गाईंच्या गळ्यातल्या घंटा झाल्या, मग हॉटेल आलं आणि कोणीतरी म्हणालंच, "वहिनी, खिचडीची!" त्यांनी सुरुवात केली. मी थांबले. आजींनी कसा हट्ट केला, आम्ही कसं नको म्हटलं, इथपर्यंत त्यांना येऊ दिलं. मग बटण दाबलं.

पडद्यावर कुकर आला, मालकिणीसकट.

मी उभी राहिले. दीड वर्षं पाठ केलेलं होतं, कुठे अडखळले नाही. कुकर कोणाचा, कोणाच्या खोलीत का आणला, नको कोण म्हणालं, ट्रान्सफॉर्मर लागतो हे कोण म्हणालं, आणि इंग्रज बाईला कोणी काय सांगितलं. सोबत कोण कोण उभं होतं तेही सांगितलं. माझी आई गणिताची शिक्षिका होती आणि तिला इंग्रजी येतं, हेही सांगितलं. कोणी हसलं नाही. डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले, "हे खरं आहे का?" सासूबाईंनी सुनेकडे बघितलं आणि मग खाली मान घातली. मला तेवढंच हवं होतं. त्या क्षणी माझ्या अंगात अशी ऊब पसरली की काय सांगू.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातलं बटण काढून घेतलं आणि दाबलं. पुढची स्लाइड आली. शिखर, निळं आकाश, आणि बर्फात दोन्ही हात पसरून उभी असलेली मी.

"हा त्याच सकाळचा ना?" त्यांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं.

"खोटं बोलले मी. टेरिफाइड होते. इतक्या लोकांसमोर काही सुचेना, जे तोंडात आलं ते बोलले. वाईट केलं, मान्य आहे." त्यांचा आवाज अगदी साधा होता, मी तो त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. "पण त्या माझ्या आई नव्हत्या गं. तुझ्या होत्या."

त्यांनी बटण पुन्हा दाबलं नाही. नवऱ्याने कॅमेरा अगदी जवळ धरून फोटो काढला होता आणि मी इतकी खदखदून हसत होते की माझ्या दाढासुद्धा दिसत होत्या. कोणीतरी उठून पडदे सरकवेपर्यंत सगळं गाव ते बघत राहिलं.