मी हँडब्रेक ओढला होता

तेव्हा मी सुरतमध्ये एका कापड व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. घर डिंडोलीला, वस्तीतली माणसं सगळी धुळे-नंदुरबारकडची. शेठचा भाऊ आफ्रिकेतून परत येताना एक परदेशी गाडी घेऊन आला आणि ती चालवायला माझ्याकडे आली. सगळे ड्रायव्हर माझा हेवा करायचे. गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि हँडब्रेकची यंत्रणा मागच्या ब्रेकच्या आतच होती. आत म्हणजे नेमकी कुठे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका सकाळी शेठना रिंग रोडच्या मार्केटला सोडलं. गर्दी इतकी की दर दहा पावलांवर ब्रेक दाबावा लागत होता. परत येऊन गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये लावली. शेठच्या आईला, म्हणजे बांना, देवळात न्यायचं होतं. उन्हाळा होता. "बा येईपर्यंत गाडी थंड ठेव," असं मला सांगून ठेवलेलं. म्हणून इंजिन चालू, एसी चालू, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला. बांना तयार व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागली. त्या दारात आल्या तसा मी उतरून त्यांचा हात धरायला पायऱ्यांकडे गेलो.

पोर्चला फाटकाकडे उतार होता. बा दुसऱ्या पायरीवर असतानाच गाडी मागे सरकायला लागली. मी धावलो, उघड्या दारातून आत झेप घेतली, पायाने ब्रेक दाबला, हाताने हँडब्रेकही खेचला. तोवर गाडी फाटकाच्या खांबाला भिडली होती. मागचा दिवा फुटला आणि खांबाला टेकवलेली दूधवाल्याची सायकल चेपली. दूधवाला आत किटलीतून दूध मोजून देत होता, म्हणून वाचला.

बा पायरीवरूनच ओरडल्या, "भाई, तने वाग्युं तो नथी ने?"

मला लागलं तर नाही ना, हे त्यांनी आधी विचारलं. ते मी कधी विसरलो नाही.

शेठ बातमी कळताच रिक्षाने घरी आले. ते स्वतः गाडीत बसले, गाडी पोर्चमध्ये परत वर घेतली, हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

"हॅन्डब्रेक खेंच्यो'तो के नहीं?" त्यांनी विचारलं.

"ओढला होता, शेठ."

"तो गाडी गई केवी रीते?"

हँडब्रेकची दांडी वर होती खरी, पण ती मी नंतर झेप घेऊन खेचलेली, सगळ्यांनी पाहिलं होतं. शेठ ओरडले नाहीत. "गाडी नीट तपासून आण. तोवर तू दुसरी गाडी चालवू नको," एवढंच गुजरातीत म्हणाले. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिथे फक्त शंका होती.

घरी जेवायला बसलो, पण नुसता भाकरी कुस्करत राहिलो. बायकोने विचारलं, "काय व्हयनं? जेवतस का बरं नही?"

मी सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही ब्रेक वढेल व्हता ना?"

मी हो म्हणालो. पण खरं सांगायचं तर दुपारपासून मी ते हजार वेळा आठवून पाहिलं होतं आणि आता माझीच खात्री राहिली नव्हती. रोज शंभरदा ओढतो ती दांडी. त्या एका वेळचं ओढणं वेगळं कुठून आठवणार? बा तेव्हा गाडीत पाय ठेवत असत्या तर, हा विचारही पाठ सोडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी उधन्याला एका मेकॅनिककडे नेली. हा मूळचा भुसावळचा. बरीच वर्षं कुवेतमध्ये गॅरेजात होता, तिथे लढाई झाली तेव्हा परत आला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याने माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "गाडी उभी करण्याआधी ब्रेक किती वापरला होतास?"

"मार्केटमधून आलो होतो. सारखाच."

त्याने गाडी मागून जॅकवर उचलली आणि मला हँडब्रेक ओढायला लावला. उजवं चाक हाताने फिरेना. डावं मात्र गरगर फिरलं.

"हे एकच चाक धरतंय," उस्ताद म्हणाला. "पण तेवढ्यानं भागत नाही. चल, तुझी गाडी पळवून दाखवतो."

आम्ही गाडी बाहेर काढली, गर्दीतून ब्रेक दाबत दाबत चांगली तापवली आणि रेल्वेच्या गरनाळ्याच्या, म्हणजे रुळांखालच्या बोगद्याच्या, उतारावर कडेला उभी केली. उस्तादने इंजिन चालू ठेवलं, न्यूट्रल केलं, मला स्वतःच्या हाताने हँडब्रेक ओढायला लावला. मागच्या चाकांपासून हातभर अंतरावर दोन मोठे दगड ठेवले. मग आम्ही दोघे उतरून उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गाडी ढिम्म.

"उस्ताद, चूक माझीच असंल," मी म्हणालो.

"थांब रे भाऊ. लोखंडाला घाई नसते."

आणखी थोड्या वेळाने कट्ट असा बारीक आवाज झाला. गाडी हळूच मागे आली आणि दगडांना टेकली. दांडी वरच होती. मी ओढली होती तशीच.

मी तिथेच फुटपाथवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, त्याची लाज वाटली नाही. उस्ताद शेजारी बसून समजावत होता. तापलेली डिस्क फुगते, तेव्हा पकड घट्ट बसते. उभ्या उभ्या ती थंड होऊन आकसते आणि पकड ढिली पडते. दोन्ही चाकं नीट धरत असतील तर निभावतं, एकट्याच्या जिवावर नाही. शेठनी ओढून लगेच पाहिलं, म्हणून गाडी हलली नव्हती. मी ऐकत होतो, पण मनात एकच चाललेलं: मी ओढला होता.

मग दुरुस्ती सुरू झाली आणि मी रोज गॅरेजात जाऊन बसू लागलो. चाक निघालं, हँडब्रेकची केबल सुटली, कॅलिपर टेबलावर आला. पॅड डिस्कवर दाबणारा हा भाग. हँडब्रेक ओढला की त्याच्या पाठीमागची छोटी दांडी फिरते आणि आतल्या स्क्रूने पिस्टन पुढे ढकलते. डाव्या कॅलिपरचं रबर फाटून पाणी शिरलं होतं. दांडीचा आस गंजून जाम झाला होता. केबल ताणली जायची, दांडी हलायचीच नाही. उजव्या बाजूला वेगळीच भानगड होती. पॅड झिजतील तसा आतला स्क्रू आपोआप पुढे सरकायला हवा, पण तो मध्येच अडकत होता.

उस्तादने दोन्हींतले पिस्टन फिरवून बाहेर काढले. आतलं सगळं धुऊन झाल्यावर मी मदत म्हणून एक पिस्टन शिकंज्यात धरून दाबायला गेलो. उस्ताद केवढ्याने ओरडला!

"दाबायचा नाही! हा पिस्टन फिरवत फिरवत आत जातो. असाच कुणीतरी आधी दाबलाय, म्हणून उजव्याची ही गत झाली."

उजव्यात घालायचा स्क्रूचा संच त्याच्याकडे कुवेतहून आणलेल्या पेटीत निघाला. गंजलेला आस पॉलिश पेपरने घासून चकचकीत झाला. अडलं ते एका रबरी रिंगवर. आसाभोवतीची ती बोटभर रिंग नसेल तर ब्रेक ऑइल झिरपतं. बाजारातून आणलेली रिंग उस्तादने पारखायला ब्रेक ऑइलच्या बाटलीत टाकून ठेवली. दोन दिवसांनी ती फुगून भज्यासारखी झाली होती.

माझा मेहुणा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये फिटर होता. त्याला विचारलं तर म्हणाला, आमच्या उकळत्या पाण्याच्या मशीनला वेगळ्या रबराच्या रिंगा लागतात. त्याने मापाच्या चार आणून दिल्या. त्याही बाटलीत गेल्या. मी रोज बाटली उजेडात धरून बघायचो. तिसऱ्या दिवशी उस्तादने रिंग काढली, पुसली, जुन्या रिंगेच्या मापाशी लावली. तसूभरही फुगली नव्हती.

"मेहुण्याला चहा पाज," तो म्हणाला.

कॅलिपर बसले, ब्रेकमधली हवा काढून झाली, केबल पुन्हा जोडून झाली. जॅकवर आता दोन्ही चाकं जागच्या जागी घट्ट. गाडी कामरेजपर्यंत नेऊन तापवत आणली आणि उस्तादला सोबत घेऊन तिथून थेट शेठच्या पोर्चमध्ये लावली. उस्तादने शेठना गरनाळ्यातली सगळी हकिगत सांगितली. इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. चाकांमागे विटा ठेवल्या. बा झोपाळ्यावर बसून बघत होत्या. अर्धा तास गेला. गाडी हलली नाही. शेठनी मागून दोन्ही हातांनी खेचून पाहिली, तरी नाही.

ते माझ्यापाशी आले. "त्या दिवशी मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही," म्हणाले. मराठी त्यांना तोडकीमोडकीच यायची, पण हे वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं. त्यांनी विटा स्वतः उचलून बाजूला ठेवल्या.

नंतर मी बांना देवळात घेऊन निघालो. वाटेत माझ्याच्याने राहवलं नाही. "बा, खरं सांगू? मधे मलाच वाटायला लागलं होतं की मी ओढलाच नव्हता."

मागच्या सीटवर त्या हसल्या. "अरे, मी गॅस बंद केला का नाही, ते रोज रात्री बे वखत, दोन-दोनदा उठून बघते. पाहते तर रोज बंद!"

मीही हसलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग त्यांना आठवलं की घरातली भाजी संपली आहे, आणि देवळाच्या आधी आम्ही भाजीबाजाराकडे वळलो.