तेलाच्या डब्यातली जुई

अक्कांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. जळगावच्या या सोसायटीत मी नुकती राहायला आले होते. नर्सरीतून भरभरून फुललेला गुलाब आणला होता आणि दारात बसून तो मोठ्या कुंडीत लावायला घेतला होता. तेवढ्यात समोरच्या तळमजल्यावरून एक उंच, काटकुळी बाई तरातरा आली आणि ना ओळख ना पाळख, तिने माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "फूलवर येल झाडले हालावानं नही," ती म्हणाली. मी चिडून म्हटलं, झाड माझं आहे. त्यावर ती म्हणाली, "लगनना दिन कोनी तुले घर बदलाले सांगं व्हतं का?"

"बायकांना सांगतातच की," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "म्हनीसनच तुले सांगस," म्हणाली आणि खुरपं घेऊन घरी गेली. गुलाबाची फुलं संपेपर्यंत तिने ते परत दिलं नाही.

त्या अक्का. माहेर-सासर दोन्ही साक्रीकडचं, बोलणं अहिराणी. नवऱ्याच्या नोकरीपायी जळगावात आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. मुलगा पुण्याला. सोसायटीत त्यांना सगळे टरकून असत, कारण कोणाच्याही फाटकाशी थांबून त्या झाडावरून बोलायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. कळ्या धरल्या की झाडाचा सगळा जीव कळ्यांत असतो; अशा वेळी मुळं हलवली तर ते आधी मुळं सावरतं आणि कळ्या टाकून देतं. लोक मात्र फुललेलंच झाड विकत आणतात आणि त्याच दिवशी त्याची कुंडी बदलतात. मग चार दिवसांनी नर्सरीवाल्याला शिव्या देतात.

अक्कांच्या स्वतःच्या दाराशी गोडेतेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जुई होती. डबा गंजलेला, पण वेल खिडकीच्या गजांवरून थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलेली. श्रावणात त्यांच्या भाऊबंदकीत, म्हणजे एका कुळातल्या घरांत, कानबाई बसायची. नारळाची देवी, तिला नथ, लुगडं, दागिने, रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी विसर्जन. देवीची वेणी दरवर्षी या जुईची. वेणी सगळ्यांना चालायची, अक्का मात्र चालत नव्हत्या. कानबाई पाळीपाळीने एकेका घरी बसे, आणि अक्कांची पाळी आली की ती पुढे ढकलली जाई. विधवेच्या घरी देवी कशी बसवायची म्हणून. विधवेच्या दारची फुलं मागायची मात्र कोणाला लाज वाटली नाही. अक्का वर्षानुवर्षं भांडल्या आणि शेवटी एका श्रावणात पाळी मिळवलीच. त्या वर्षी जुई कळ्यांनी नुसती लगडली होती.

नेमके तेव्हाच आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना सौंदर्य सुचलं. झेंडावंदनाला मोठे पाहुणे येणार, तेव्हा सगळ्यांच्या दाराशी एकसारख्या पांढऱ्या कुंड्या हव्यात. अक्कांना त्यांनी समजावून सांगितलं की कुंडी, खत, माती सगळं सोसायटीचं. "कुंडी तुम्हनी शे, झाड मनं शे," अक्का म्हणाल्या. अध्यक्ष हसले. हा माणूस हसला की समजावं, त्याने ऐकलेलं नाही.

अक्का कानबाईचं आवतण द्यायला साक्रीला गेल्या आणि मी ऑफिसात होते, त्या दिवशी अध्यक्षांनी माणसं लावली. त्यांनी वेल गजांवरून ओरबाडली, डबा पत्र्याच्या कात्रीने फाडला आणि पांढऱ्या कुंडीत बसावीत म्हणून मुळं छाटली. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, खाली टाळ्या वाजवणारे हात. आजही तो फोटो आठवला की माझं डोकं तडकतं.

परत आल्यावर अक्का ओरडल्या नाहीत. रोज सकाळी खाली गळून पडलेल्या कळ्या वेचायच्या आणि ओल्या फडक्यात ठेवायच्या. मी म्हटलं, पुन्हा दुसऱ्या डब्यात लावू या का? तर माझ्यावरच खेकसल्या. वेलीवर अजून थोड्या कळ्या होत्या, आणि कळ्या असताना झाड हलवायचं नाही. संतापातही त्यांनी नियम मोडला नाही.

कानबाई बसली. भाऊबंदकीतल्या जावेने बाजारातून टपोऱ्या मोगऱ्याची वेणी आणली होती. अक्कांनी ती बाजूला सारली आणि वेचलेल्या कळ्यांची वेणी देवीला घातली. न उमललेल्या, तपकिरी पडलेल्या कळ्या. बायका हबकल्या, अपशकुन म्हणाल्या. अक्का एवढंच म्हणाल्या, "जे झायं ते मायले दखू द्या."

दिवसभर माणसं दर्शनाला येत राहिली. जो तो वेणीकडे बघून विचारी, हे काय हो? प्रत्येकाला अक्कांचं एकच उत्तर, "अध्यक्षले इचारा." संध्याकाळी अध्यक्ष स्वतः सपत्नीक आले. सोसायटीत देवी बसलेली, न येऊन चालणार कसं? खोली बायकांनी भरली होती. अध्यक्षांनी हात जोडले, डोकं टेकवलं, आणि अक्का त्यांच्या मागे उभ्या राहून देवीला म्हणाल्या, "माय, हाऊच तो."

अध्यक्ष टेकलेलं डोकं लवकर वर उचलेनात. नंतर ते सगळीकडे सांगत फिरले की म्हातारीचं डोकं फिरलंय, पण त्यांच्या घरून कुंड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

बहर सरल्यावर अक्कांनी जुई नव्या डब्यात लावली. ती जगली. पुढच्या उन्हाळ्यात अक्काच गेल्या; मे महिन्यातल्या उन्हाने त्यांना गाठलं. अध्यक्षांनी ग्रुपवर 'निसर्गप्रेमी अक्कांना भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि खाली त्याच पांढऱ्या कुंड्यांचा फोटो टाकला. मी जे लिहायचं ते लिहिलं आणि ग्रुप सोडला. डबा उचलून माझ्या दारात आणला.

गेल्या श्रावणात अक्कांचा मुलगा घर विकायच्या कामाने आला. गाडीतून चिनीमातीची सुरेख कुंडी काढली आणि म्हणाला, "काकू, आईची जुई घेऊन जातो." वेलीवर कळ्या आल्या होत्या. मी म्हटलं, बहर सरला की ये, दसऱ्याच्या सुमारास. तो म्हणाला, इतक्या लांब पुन्हा कोण येणार, आणि आईची आठवण म्हणूनच तर हवीय. आठवण हवी असेल तर आधी तिचं ऐक, मी म्हटलं. तोवर तो डब्यापाशी वाकलाही होता.

"आई गेली, काकू. आता कोण बघणार आहे?"

"रविवारी तुमच्या भाऊबंदकीत कानबाई बसतेय, या जुईची वेणी मीच नेणार आहे," मी म्हणाले. "तिला तुझं नाव सांगू?"

त्याने डब्यावरचा हात काढला. कुंडी माझ्या दारात ठेवली आणि दसऱ्याला येतो म्हणाला.