गाळातली लाल भाजी

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, म्हणून घरच्या मातीबद्दल शेवटचा शब्द माझाच, असा माझा समज होता.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरामागे लाल भाजी, म्हणजे लाल माठ, पेरायचं ठरवलं. मैलापाणी शुद्ध करतात तिथला वाळलेला गाळ गोण्या भरभरून आणला. मी नमुना नेला. छापील फॉर्ममधले नत्र, स्फुरद, पालाश तपासले आणि ऐटीत सांगितलं, "बाबा, सोनं आहे हे!" जड धातूंचा रकानाच त्यात नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते आम्ही तपासत नाही.

भाजी अशी फोफावली की शेजारी कुंपणावरून डोकावू लागले. तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. बाबांनी फर्मान काढलं, "तिले रोज भाजी द्या. रक्त वाढते." स्वतः मात्र ते वरण-भातापलीकडे जात नसत.

दोन महिन्यांनी आमच्या प्रयोगशाळेत जड धातू मोजणारं नवं यंत्र आलं. सरावासाठी काहीही आणा, साहेब म्हणाले. मी मिरवायला घरची भाजी नेली. कॅडमियम भरपूर, शिसंही. तीनदा केलं, तीनदा तेच. पानांवर ना डाग, ना कीड.

घरी येऊन मी म्हटलं, "बाबा, भाजी बंद. विष आहे तिच्यात."

"काहून वं? मी तीन पाण्यानं धुऊन राहिलो न!"

"मुळातूनच आत गेलं ते. धुतल्यानं नाही निघत."

"अन् तूच तं सोनं म्हणे!"

मला रडूच फुटलं. बाळाला काही झालं तर त्या सोन्याचं मी काय करणार होते?

माझं रडणं ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती रायपूरचीच, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. बाबांकडे न बघता म्हणाली, "दीदी, मैंने तो एक दिन भी नहीं खाई. मुझे उसकी बास से उलटी आती है."

"मग रोज संपे कशी वं?" बाबांनी तिला विचारलं.

"आपके डब्बे में," ती माझ्याकडेच बघत म्हणाली.

प्रयोगशाळेत नेते त्या माझ्या डब्यात रोज ती भाजी असे; मला वाटे, तिचं खाऊन उरलेली असेल. दोन महिने मी ती बोटं चाटत खाल्ली होती, मैत्रिणींनाही आग्रहानं वाढली होती. पण तेव्हा ते काहीच सुचलं नाही. मी वहिनीला घट्ट मिठी मारली. पोटात एवढं शिसं घेऊन इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.