म्यूटचं बटण आणि गायकवाड काका

रिपेअरिंगचं दुकान म्हटलं की लोकांना वाटतं, इथे बंद पडलेल्या वस्तू साठत असणार. वस्तू कुठल्या साठतायत! त्या दुरुस्त होऊन घरी जातात, नाहीतर भंगारात. साठतात ते किस्से. एकदा काउंटरवर आलेला किस्सा पुन्हा जागा म्हणून सोडत नाही.

माझं दुकान कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. टीव्ही, मिक्सर, आणि मुख्य म्हणजे रिमोट. गिऱ्हाइकांसाठी तीन स्टुलं ठेवलीत, पण त्यावर गिऱ्हाईक बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही. एकावर जोशी सर, शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेले, डोंबिवलीहून रिक्षा करून माझ्याकडे चहाला येतात. दुसऱ्यावर म्हात्रे, केबलवाला, इथल्याच गावचा. हा कुणालाच अहो-जाहो करत नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. तिसऱ्यावर गायकवाड काका. शेजारच्या गाळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात, पण काकांची पावलं रोज सकाळी त्याच रस्त्याने येतात आणि एक गाळा आधीच थांबतात.

रिमोटवाली गिऱ्हाइकं हा एक वेगळाच वर्ग आहे. परवा एक गृहस्थ आले. "रिमोट अजिबात चालत नाही हो!"

मी मागचं झाकण उघडलं. आत सेलच नाहीत.

"सेल घड्याळात घातलेत," ते म्हणाले. "पण म्हटलं, थोडाफार करंट आत राहिला असेल!"

जोशी सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बहुतेक तो त्यांचाच माजी विद्यार्थी असावा.

* * *

गायकवाड काकांची फोटो काढायची एक पद्धत होती. कॅमेऱ्यामागून ते सगळ्यांना उभं करणार, माना सरळ करायला लावणार, "हं, हसा" म्हणणार, आणि काहीच करणार नाहीत. मग मोठ्याने म्हणणार, "झालं!"

लोक श्वास सोडायचे, खांदे पाडायचे, एकमेकांकडे बघायचे. आणि तेव्हा काका बटण दाबायचे.

एकदा विहारात लग्न होतं. नवरदेव असा ताठ उभा, की ओळख परेडला आणल्यासारखा. काका म्हणाले, "झालं!" नवरदेवाने सुटकेचा श्वास टाकला आणि नवरीला विचारलं, "तुझी पण चप्पल चावतेय का गं?" ती जी हसली! तो फोटो स्टुडिओ बंद होईपर्यंत काचेत लावलेला होता.

"झालं म्हटल्याशिवाय माणूस स्वतःसारखा दिसत नाही," असं काकांचं म्हणणं.

दुसऱ्या कुणी काढलेला फोटो मात्र त्यांना कधीच पसंत नाही. आम्ही मोबाईलवर कौतुकाने काहीही दाखवलं, की चष्मा कपाळावर चढवून बघणार आणि दोन शब्दांत निकाल देणार. "वेळ चुकली."

म्हात्रेने एकदा स्वतःच्या म्हशीचा फोटो दाखवला. तरी तेच! म्हात्रे म्हणाला, "अरे काका, म्हशीला कसली वेळ?"

* * *

गेल्या वर्षी एका दुपारी काकू दुकानात आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत अल्बम. काका स्टुलावरच बसलेले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, अल्बम थेट माझ्यापुढे ठेवले.

"उदय, यात तुझे काका शोधून दाखव."

मी पानं उलटत गेलो. मुलीचं बारसं, सहली, वाढदिवस, घरातली लग्नं. काकू सगळीकडे. काका कुठेच नाहीत! एका फोटोत जमिनीवर त्यांची सावली होती. एकात मागे कपाटाचा आरसा होता, पण आरशात चेहऱ्याच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा.

"नात विचारते, आजोबा कुठे होते?" काकू म्हणाल्या. "मी सांगते, फोटो काढत होते. ती म्हणते, प्रत्येक वेळी?"

मला खरंच वाईट वाटलं, आणि काकांकडे बघवेना.

काकूंचं मागणं साधं होतं. मुलीने कोलशेतला नवा फ्लॅट घेतला होता. पुढच्या महिन्यात काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार, त्या दिवशी सगळे तिथे जमणार. हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीशेजारची भिंत मुलीने मोकळी ठेवली होती. तिथे दोघांचा एक फोटो लागला पाहिजे. बस, एकच.

"मी काढतो की," मी म्हणालो.

"वेळ चुकेल," काका म्हणाले.

"सेल्फी?" म्हात्रेने विचारलं.

"सेल्फी म्हणजे हाताचा फोटो. माणसं मागे उगाच आलेली असतात."

काकू उठल्या. "मला भिंतीवर माणूस पाहिजे. तुमची ती वेळ तुम्हीच ठेवा!"

* * *

काकांनी आधी कॅमेऱ्याचा टायमर लावून पाहिला. दहा सेकंद मिळतात. काकांचा गुडघा दहा सेकंदवाला नाही.

तीन फोटो निघाले, ते काकूंनीच आम्हाला आणून दाखवले. पहिल्यात काकू सोफ्यावर बसलेल्या आणि समोर काकांची पाठ. दुसऱ्यात काका अर्धे बसलेले, तोल सांभाळायला एक हात काकूंच्या डोक्यावर. तिसऱ्यात काका वेळेत पोचलेत, पण तोंड उघडं, आणि काकू काळजीने त्यांच्याकडे बघतायत.

"यातला कुठला लावू?" काकूंनी विचारलं. "पाठ, हात की धाप?"

* * *

मग रिमोटचा विषय निघाला. काकांच्या कॅमेऱ्याला पुढच्या बाजूला लाल काचेचा बारीक डोळा आहे, रिमोटने शटर चालतं. पण कॅमेऱ्याचा रिमोट केव्हाच हरवलेला, आणि ते मॉडेल आता बंद.

माझ्याकडे एक युनिव्हर्सल रिमोट होता, शिकणारा. त्याच्यासमोर दुसरा रिमोट धरून बटण दाबलं, की तो सिग्नल हा पाठ करून ठेवतो. प्रश्न एवढाच, की शिकवायला मास्तर कुठून आणायचा? म्हात्रेचा मेव्हणा शहाडला लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे तसला रिमोट निघाला. म्हात्रे बाईक काढून गेला आणि अर्ध्या तासात घेऊन आला. म्हणाला, "संध्याकालपर्यंत परत देवाचा हाय, लवकर शिकवा त्याला!"

आता शटर कुठल्या बटणावर ठेवायचं? म्हात्रे म्हणाला पॉवर. जोशी सर म्हणाले, "ओके हेच तर्काला धरून होईल." काकांनी विचार करून म्यूटवर बोट ठेवलं.

"म्यूट का?"

"फोटो काढताना माणूस गप्प पाहिजे."

दोन्ही रिमोट समोरासमोर ठेवले. जोशी सरांनी माहितीपत्रक मोठ्याने वाचलं, मी बटणं दाबली, दिवा दोनदा लुकलुकला. शिकला!

काकांनी कॅमेरा स्टँडवर लावला, मागे उभे राहिले आणि म्यूट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी सेल बदलले. पुन्हा शिकवला. म्हात्रेने ट्यूबलाइट बंद केली. जोशी सरांनी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचं टोक पाहिलं. तिथे जांभळट ठिपका चमकत होता, म्हणजे सिग्नल निघत होता. मग जातोय कुठे?

अर्धा तास हे चाललं. शेवटी जोशी सर वैतागून काकांच्या हातातून रिमोट घेऊन कॅमेऱ्याच्या पुढे आले. "यात मुळात काहीतरी..." असं म्हणत त्यांनी बटण दाबलं आणि क्लिक झालं!

डोळा कॅमेऱ्याच्या पुढे. काका अर्धा तास मागून दाबतायत. आणि आम्ही तिघं आदराने त्यांच्यामागे उभे!

"जन्मात कधी पुढे गेलोच नाही रे," काका म्हणाले.

जोशी सरांचा तो फोटो अजून कॅमेऱ्यात आहे. तोंड वाकडं, बोट वर, चष्मा नाकाच्या टोकावर. सर म्हणाले, "कृपया पुसून टाका." काकांनी निरखून पाहिलं. "वेळ चुकली," म्हणाले, पण पुसला नाही.

* * *

सराव म्हणून काकांनी घरी हॉलमध्ये कॅमेरा स्टँडवर लावला, रिमोटची वाट बघण्याच्या मोडवर ठेवला, आणि जरा सोफ्यावर टेकले. तिथेच त्यांचा डोळा लागला.

आमच्या रिमोटमध्ये बाकीची बटणं टीव्हीचीच होती. काकूंनी सिरियल लावली, हाताला तोच रिमोट आला. जाहिराती लागल्या की आवाज बंद करायची त्यांना सवय. म्यूट दाबलं. आवाज बंद होईना. पुन्हा दाबलं. कॅमेरा टीव्हीच्या अगदी शेजारी. तो बिचारा प्रत्येक वेळी इमानदारीत क्लिक करत होता, पण साबणाच्या जाहिरातीपुढे ते ऐकू कसं येणार?

दुसऱ्या दिवशी काकांनी बावीस फोटो दाखवले. बावीसच्या बावीस फोटोंत काकू कॅमेऱ्यावर रिमोट रोखून डोळे वटारतायत.

पण नीट पाहिलं, तर बाजूला काकाही होते! प्रत्येक फोटोत, काकूंच्या शेजारी, पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत.

मी काकूंना फोन लावला. "काकू, अभिनंदन! दोघं एका फोटोत आलात!"

"बघितलेत मी," काकू म्हणाल्या. "घोरणारा नवरा मला भिंतीवर नको. तो सोफ्यावर रोज असतोच."

* * *

मग कुणीतरी म्हणालं, मोकळ्या हवेत काढा. आम्ही सगळे एका रविवारी दुपारी कोलशेतला खाडीकडे गेलो. काकू ठेवणीतली जांभळी साडी नेसून, काका इस्त्रीच्या शर्टात. मागे खाडीचं पाणी चमकतंय, स्टँडवर कॅमेरा, सगळं झकास.

ऊन थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यावर. भर उन्हात त्याला रिमोटचा उजेड कसला दिसतोय! काका हात लांब करून म्यूट दाबतायत, एक पाऊल पुढे, पुन्हा दाबतायत. म्हात्रेने कॅमेऱ्यावर छत्री धरली, तर फोटोत वरून छत्रीचं टोक.

फिरायला आलेले एक आजोबा थांबले. त्यांनी हात लांब करून उभ्या काकांकडे पाहिलं, मग समोरच्या मोकळ्या मैदानाकडे पाहिलं.

"टीव्ही कुठाय?" त्यांनी विचारलं.

काकू एवढ्या हसल्या की त्यांना खाली दगडावर बसावं लागलं. काकांचा हात तसाच लांब राहिला. मीही मनापासून हसलो, पण परत येताना काका रिक्षात रिमोटच उलटसुलट करून बघत होते. उतरताना मला हळूच म्हणाले, "उदय, चारच दिवस राहिलेत रे."

* * *

तो दिवस आला. मुलीचा फ्लॅट, नवा रंग, तसबिरीशेजारची भिंत मोकळी, तिच्यावर खिळासुद्धा आधीच ठोकलेला. आम्ही तिघंही गेलेलो. खिडकीचा पडदा ओढला, कॅमेरा स्टँडवर लावला, समोर दोन खुर्च्या. काकांनी मागून नीट बघून घेतलं, मग पुढे जाऊन काकूंशेजारी बसले. हातात रिमोट, रिमोट मांडीवर, म्यूटवर अंगठा.

क्लिक! उठून पाहिलं. मान ताठ, ओठ घट्ट. "नाही," काका म्हणाले.

क्लिक! डोळे मोठे झालेले. "नाही."

मग गुडघा धरून उठायचं, बघायचं, परत येऊन बसायचं. आठ झाले, दहा झाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना मोकळं करणारा माणूस स्वतः कॅमेऱ्यापुढे असा बसला होता, की त्या विहारातल्या नवरदेवाला मी मनातल्या मनात माफ केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, जरा हसा ना!" काका हसले. तो फोटो तर विचारूच नका.

पंधराव्या फोटोनंतर काका उठले नाहीत. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "राहू दे गं. मला नाही जमत हे. तुझा एकटीचा काढतो."

नात खिळ्याकडे बघत होती.

काकूंनी हात पुढे केला. "द्या तो इकडे."

काकांनी रिमोट दिला. काकूंनी पदर सारखा केला, रिमोट मांडीवर धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "झालं!"

काकांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. ते काकूंकडे वळले आणि विचारलं, "दमलीस का गं?"

क्लिक.

मुलगी स्टँडवरून कॅमेरा काढून घेऊन आली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. बघत राहिले. एरवी त्यांना दोन शब्द बोलायला कधी इतका वेळ लागलेला नव्हता. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"वेळ चुकली म्हणालात ना, तर बघा!" काकू म्हणाल्या.

काकांनी कॅमेरा नातीच्या हातात दिला.

"हातोडी आणा," ते म्हणाले. "खिळा जरा वर घेऊ."